रूपाचा शेरा आणि कामाची दखल

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



या सभेंत आम्हीं चार शब्द बोलावे अशी समितीनें आज्ञा केली, ती आम्हीं शिरसावंद्य मानली. विषयहि समितीनेंच नेमून दिला होता. तो असा : 'आजच्या तरुणींचा पेहराव'. पत्र हातीं पडतांच आम्ही चिटणीसांकडे गेलों व विचारलें कीं, 'आजच्या तरुणांचा पेहराव' या विषयावर कोणाचें भाषण ठेविलें आहे काय? चिटणीस हंसले. जवळ आणखी दोनतीन माणसें बसलीं होतीं, तींहि हंसलीं. आम्हीं विनोद केला असें त्यांस वाटलें. परंतु घरीं परत जातांना तें हंसणेंच आमच्या मनांत घोळत राहिलें. ज्या प्रश्नाचा अर्धा भाग गंभीर भाषणास योग्य ठरतो आणि उरलेला अर्धा भाग नुसता उच्चारतांच हंसूं येतें, त्या प्रश्नांत कांहीं तरी वांकडें आहे खास. तेव्हां समितीची क्षमा मागून आम्हीं विषय थोडासा फिरविला आहे. स्त्रियांनीं काय नेसावें हें आज आम्ही सांगणार नाहीं. स्त्रियांच्या दिसण्याविषयीं जें बोलण्याची आपणां सर्वांस सवय जडली आहे, त्या बोलण्याविषयीं बोलणार आहों.

रविवारची सकाळची मिस्सा आटोपून मंडळी बाहेर पडतात, त्या वेळीं देवळाच्या पायऱ्यांपाशीं पांच मिनिटें उभें राहावें. परगांवीं नोकरीस असलेली एखादी मुलगी सुट्टींत आलेली असते व आपल्या भावासह पायऱ्या उतरत असते. तिच्या कानीं पहिलें वाक्य पडतें तें, "अग, किती वाळलीस!" दुसरें, "उन्हांत फार फिरतेस वाटतें, रंग उतरला." मग एखादी आत्या पुढें होऊन म्हणते, "केस कां कापलेस? लांब होते तेच शोभत होते." शेजारीं भाऊ उभा असतो. वर्षभरांत त्याचेंहि पोट सुटलेलें असतें, कपाळावरचे केस मागें हटलेले असतात. त्याला मात्र सगळे विचारतात, "काय रे, नवी नोकरी कशी आहे? साहेब बरा आहे ना?" दोघें एकाच आईचीं लेकरें, परंतु भावाची विचारपूस होते आणि बहिणीची पाहणी होते.

पाहणी हा शब्द आम्हीं मुद्दाम योजला आहे. आपल्यांत मुलगी 'पाहावयास' जातात व मुलाची 'चौकशी' करतात. वर्तमानपत्रांतील लग्नाच्या जाहिराती चाळाव्या. मुलाच्या बाजूस शिक्षण, पगार व स्वतःचें घर. मुलीच्या बाजूस गोरी, सडपातळ, देखणी, आणि आतां नोकरी करणारीहि. सन १९७५ पासून आपल्या देशांत खपत आलेल्या एका गोरेपणाच्या मलमाचें नांव सन २०२० मध्यें कंपनीनें बदललें. 'फेअर अँड लव्हली' होतें तें 'ग्लो अँड लव्हली' झालें. डबीवरचा शब्द गेला. जाहिरातींतली 'गोरी' जागची हललेली नाहीं.

बोलणाऱ्यांच्या मनांत दुष्टावा नसतो हें आम्ही जाणतों. बहुधा बोलणारी आत्या, मावशी किंवा शेजारची काकी असते आणि तिच्या तरुणपणीं तिलाहि हेंच ऐकावें लागलेलें असतें. तेव्हां हा दोष केवळ पुरुषांच्या माथीं मारण्याचा आमचा बेत नाहीं. पुरुषांची पाळी पुढें येणार आहे.

ही सवय आजकालची नव्हे. आनंदीबाई जोशी अमेरिकेस वैद्यक शिकावयास निघाल्या, त्यापूर्वीं सन १८८३ च्या फेब्रुवारींत बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत त्यांचें इंग्रजींत भाषण झालें. वयाचीं अठरा वर्षेंहि तेव्हां पुरीं झालीं नव्हतीं. आपण परदेशीं कां जातों हें सांगतांना त्यांनीं मुंबईंतले आपले दिवस वर्णिले आहेत. हातांत पुस्तकें घेऊन त्या शाळेस निघाल्या म्हणजे लोक खिडक्यांतून डोकीं बाहेर काढून पाहात; कोणी गाडी थांबवून पाहात; आणि पायांत बूट व मोजे घालून शाळेस जाणारी ही बाई कोण, असें त्यांस ऐकूं जाईल अशा बेतानें ओरडत. आतां मुंबईच्या त्याच रस्त्यांवरून बूट घालून कचेरीस जाणारे पुरुष काय थोडे होते? त्यांच्या बुटांकडे कोणीं पाहिलें नाहीं. आनंदीबाईंच्या हातांत कोणतें पुस्तक आहे याची चौकशी कोणीं केली नाहीं. पायांत काय आहे हें मात्र सर्वांनीं पाहिलें. तीन वर्षांनीं, सन १८८६ मध्यें, त्या फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या आणि १८८७ मध्यें बाविसावें वर्ष पुरें होण्याच्या आंतच वारल्या. त्या खिडक्यांतल्या मंडळींचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत.

याच सुमारास, सन १८८२ मध्यें, वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. जो दोष स्त्रीच्या ठायीं दिसतांच जग बोंब मारतें तोच पुरुषाच्या ठायीं असतां जग गप्प कां, हा त्यांचा सवाल. आमच्या भाषेंत हा प्रश्न इतक्या स्वच्छपणें विचारला गेल्यास आतां एकशेंचाळीसांहून अधिक वर्षें झालीं. तेव्हां तो कोणा परक्यांनीं आपल्यावर लादला असें तरी कोणीं म्हणूं नये.

आपल्या वसई भागाचेंच उदाहरण घ्या. आपल्या आज्यापणज्यांचें लुगडें, त्याची नेसण, त्यावरचे दागिने यांचें कौतुक सर्वत्र होतें व तें योग्यच आहे. आमच्या आईस आम्हीं शेवटपर्यंत त्याच नेसणींत पाहिलें. तें लुगडें आजहि आमच्या घरीं पेटींत आहे. परंतु आजोबांचा पोषाख कोणाच्या पेटींत आहे? पुरुषांनीं तो केव्हां टाकला याची तारीख कोणीं लिहून ठेविली नाहीं, कारण तो टाकला गेला तेव्हां कोणीं हळहळ केली नाहीं. पॅंट आली, शर्ट आला, लग्नांत सूट आला. परंपरा बुडाली असें कोणीं म्हटलें नाहीं. मुलींनीं मात्र लुगडें सोडून पांचवारी घेतली तेव्हां कुजबूज झाली, पांचवारी सोडून पंजाबी ड्रेस घेतला तेव्हां कुजबूज झाली, आणि आतां जीन्स आली तर समितीनें भाषणच ठेविलें. याच महोत्सवाच्या मिरवणुकीसाठीं निघालेलें पत्रक आमच्यापाशीं आहे. त्यांत भगिनींस विनंति आहे कीं परंपरा जपण्यासाठीं त्यांनीं लुगडें नेसून यावें. बंधूंस विनंति आहे कीं त्यांनीं वेळेवर यावें. संपूर्ण समाजाची परंपरा अर्ध्या समाजाच्या अंगावर नेसवून उरलेला अर्धा समाज मोकळ्या हातांनीं चालतो, ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्या भगिनी हौसेनें नेसून आल्या त्यांचा आनंद आम्ही हिरावून घेत नाहीं. पुढील खेपेस पुरुषांनींहि आजोबांची टोपी शोधून काढावी इतकेंच म्हणतों.

घर आणि देऊळ येथवर ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येते. ती पोटाच्या भाकरीशीं येऊन भिडली म्हणजे हंसूं येत नाहीं. मुंबई, वसई व गोवा येथील ख्रिस्ती कुटुंबांतील मुली परिचारिका, शिक्षिका, टंकलेखिका म्हणून फार लवकर घराबाहेर पडल्या आणि पुढें विमानांतहि गेल्या. त्या विमानांतील नोकरीचीच हकीकत थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे.

प्रथम आपल्या भाषेनें या नोकरीस दिलेलें नांवच पाहा. परिचारिका ती परिचर्या करणारी. शिक्षिका ती शिकविणारी. परंतु विमानांतील स्त्री ती 'हवाईसुंदरी'. तिच्या नांवांत तिचें काम कोठेंहि नाहीं, नुसतें रूप आहे. तिच्याबरोबर तेंच काम करणाऱ्या पुरुषास 'हवाईसुंदर' कोणी म्हणत नाहीं, तो 'पर्सर'. वास्तविक विमानांत आग लागली, विमान पाण्यांत उतरलें, कोणाचा श्वास कोंडला, तर थोडक्या सेकंदांत काय करावयाचें याचें शिक्षण दोघांसहि दिलेलें असतें. ता. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं कराचीच्या विमानतळावर पॅन ॲम कंपनीच्या विमानांत बंदुकधारी शिरले, तेव्हां मुंबईच्या नीरजा भनोत यांनीं प्रवाशांस वांचविण्याची पराकाष्ठा केली व त्यांतच प्राण दिला. वय अवघें बावीस. हिंदुस्थान सरकारनें त्यांस मरणोत्तर अशोकचक्र दिलें. हुद्यानें त्या विमानांतील वरिष्ठ पर्सर होत्या. तरी त्यांचें नांव निघतांच आजहि पुष्कळांच्या तोंडीं येतें तें 'ती शूर हवाईसुंदरी'! अशोकचक्र मिळालें तरी 'सुंदरी' कांहीं सुटली नाहीं.

आतां नियम ऐका. एअर इंडियाच्या जुन्या नियमांप्रमाणें विमानांतील स्त्री कर्मचारी वयाच्या ३५ व्या वर्षीं निवृत्त व्हावयाची. नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आंत तिनें लग्न केलें तर त्याच वेळीं, आणि पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हांच. यांपैकीं जें आधीं घडेल तें. मॅनेजिंग डायरेक्टरांची मर्जी असल्यास तिला एकेक वर्ष वाढवून ४५ पर्यंत ठेवतां येई. पुरुष पर्सर मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीस राही, आणि त्याचें लग्न झालें काय, त्याला मुलें झालीं काय, याची नोंद नियमांत नव्हती. या नियमांविरुद्ध नर्गिस मिर्झा व त्यांच्या सहकारी स्त्रिया न्यायालयांत गेल्या आणि सन १९८१ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. तरुण व आकर्षक स्त्री असली म्हणजे अवघड प्रवाशांस ती अधिक चांगलें सांभाळते, अशा अर्थाचा युक्तिवाद कंपनीच्या बाजूनें झाला होता. तो न्यायमूर्तींनीं फेटाळला व कडक शब्दांत फेटाळला. गर्भारपणावरून नोकरी घालविण्याचा नियम त्यांनीं रद्द केला. डायरेक्टरांची बेलगाम मर्जीहि काढून टाकली. परंतु चार वर्षांच्या आंत लग्न न करण्याची अट त्यांनीं राहूं दिली, आणि स्त्री व पुरुष या दोन निराळ्या श्रेणी आहेत, त्यामुळें वयाचा भेद चालेल, असेंहि ठरविलें. अर्धी लढाई जिंकली, अर्धी तशीच उरली. पुढें वयोमर्यादा वाढत गेली, तरी सन २००३ मध्यें याच न्यायालयानें, स्त्रियांनीं पन्नाशीनंतर विमानांतून उतरून जमिनीवरचें काम घ्यावें, हा नियम उचलून धरला. पुरुष तेव्हां ५८ पर्यंत उडत होते. विमान चालविण्याचें काम नव्हे हें, प्रवाशांची देखभाल. पन्नाशीचा पुरुष ती करूं शकतो, पन्नाशीची स्त्री शकत नाहीं, याचें कारण तिच्या हातापायांत शोधून सांपडत नाहीं. तें पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच सांपडतें.

यावर कोणी म्हणेल कीं मग स्त्रियांनीं नटूं नये, साधें राहावें, म्हणजे त्यांच्या रूपाकडे कोणी पाहणार नाहीं. हा उपाय अमेरिकेंतील एका बाईंवर आपोआपच करून पाहिला गेला आहे. ॲन हॉपकिन्स या वॉशिंग्टन येथें हिशेब तपासणाऱ्या एका बड्या पेढींत काम करीत. सन १९८२ मध्यें पेढीच्या भागीदारीसाठीं ८८ जणांचीं नांवें सुचविलीं गेलीं, त्यांत त्या एकट्याच स्त्री होत्या. पेढीचे तेव्हांचे भागीदार ६६२. त्यांत स्त्रिया ७. सरकारी परराष्ट्र खात्याचें कोट्यवधि डॉलरांचें काम मिळविण्यांत त्यांचा मोठा वांटा होता व त्याबद्दल वाद नव्हता. तरी त्यांस भागीदारी मिळाली नाहीं. कांहीं भागीदारांच्या शेऱ्यांत त्या पुरुषी आहेत अशी तक्रार होती, आणि त्यांच्या हितचिंतक म्हणविणाऱ्या वरिष्ठानें त्यांस उपदेश केला तो असा कीं, चालणें बोलणें बायकी करावें, पेहराव बायकी करावा, तोंडास रंग लावावा, केसांची नीट रचना करावी व दागिने घालावे. हिशेबाच्या पेढींत बढतीसाठीं दागिने! हॉपकिन्सबाईंनीं फिर्याद केली. सन १९८९ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या म्हणण्यांतलें तथ्य मान्य केलें, आणि पुढच्या वर्षीं खालच्या न्यायालयानें त्यांस भागीदार करून घेण्याचा हुकूम दिला. तेव्हां पाहा : मुंबईच्या विमानांत रूप वयाबरोबर उतरतें म्हणून नोकरी जाते, आणि वॉशिंग्टनच्या पेढींत रूपाकडे लक्ष नाहीं म्हणून बढती अडते. आपल्या कचेऱ्यांत तरी काय आहे? चांगली साडी नेसून आली तर "आज कोणावर मोहिनी घालावयाची आहे?" आणि साधी आली तर "बाई, अंगांत बरें नाहीं काय?"

पुरुषाचें काय होतें हेंहि एका पुरुषानेंच पडताळून पाहिलें. ऑस्ट्रेलियांत कार्ल स्टेफानोविच हे सकाळच्या दूरदर्शन कार्यक्रमाचे सूत्रधार होते. त्यांच्या शेजारीं लिसा विल्किन्सन बसत. बाईंच्या कपड्यांविषयीं प्रेक्षकांच्या टीकेच्या पत्रांस अंत नसे. म्हणून स्टेफानोविच यांनीं एकच निळा सूट, एखाददुसरा दिवस सोडला तर, वर्षभर रोज घातला. सन २०१४ च्या अखेरीस त्यांनीं स्वतः सांगितलें तेव्हां लोकांस कळलें. तोंवर कोणाच्याहि लक्षांत आलें नव्हतें. सूट धुतला केव्हां, हा प्रश्न आमच्या घरच्या मंडळींनीं विचारला. त्याचें उत्तर आम्हांपाशीं नाहीं.

आतां एक प्रामाणिक शंका. कोणी कोणास "छान दिसतेस" असें म्हणूंच नये काय? लग्नाच्या मांडवांत नवरीस, सणाच्या दिवशीं बायकोस, कौतुकानें नटलेल्या नातीस म्हणूं नये काय? अवश्य म्हणावें, न म्हणणाऱ्या नवऱ्यास घरीं काय भोगावें लागतें हें आम्ही जाणतों. आमचा आक्षेप शब्दांवर नाहीं, त्यांच्या जागेवर आहे. परीक्षेचा निकाल घेऊन आलेल्या मुलीस, रुग्णालयांतून रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेस, सभेंत हिशेब मांडणाऱ्या खजिनदारबाईंस जेव्हां आपण त्यांच्या दिसण्याविषयीं बोलतों, तेव्हां जें बोलावयास हवें होतें त्याची जागा तें बोलणें बळकावतें. शेरा गोड असला म्हणून हें टळत नाहीं. उलट गोड शेऱ्यावर रागावतांहि येत नाहीं. "मीं चांगलेंच बोललों, हिलाच झोंबलें", असें म्हणण्यास बोलणारा मोकळा.

ओंगळ शेऱ्यांपुरता कायदा झालेला आहे आणि तो सर्वांनीं माहीत करून घ्यावा. राजस्थानांत बालविवाह रोखण्याचें काम करणाऱ्या भंवरीदेवी यांच्यावर सन १९९२ मध्यें अत्याचार झाला. त्यांतून निघालेल्या 'विशाखा' खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९७ मध्यें नोकरीच्या ठिकाणींच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले, व सन २०१३ मध्यें संसदेनें कायदा केला. लैंगिक अर्थाचे शेरे मारणें हाहि त्यांत छळच धरला आहे. दहा किंवा अधिक माणसें कामास असतील तेथें तक्रार ऐकणारी समिति असलीच पाहिजे. ज्यांचे कारखाने, दुकानें वा शाळा आहेत अशा या सभेंतील गृहस्थांनीं आपापल्या ठिकाणीं ती कागदावर आहे कीं खरीच आहे हें पाहावें. परंतु कायद्याच्या जाळींत मोठे मासे सांपडतात. आम्ही ज्याविषयीं बोलत आहों तो शेरा लहान असतो, सभ्य असतो, आणि पुष्कळदां सहीशिक्क्यानिशीं असतो.

तो कसा असतो हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे, कारण तो आम्हीं लिहिलेला आहे.

मुंबईंतील एका कचेरींत आम्ही पुष्कळ वर्षें नोकरी केली. तीसेक वर्षांपूर्वींची गोष्ट. वरच्या एका जागेसाठीं आमच्या हाताखालच्या दोघांचा विचार चालला होता, एक गृहस्थ आणि एक बाई. दोघांचे गोपनीय अहवाल आम्हांस लिहावयाचे होते. गृहस्थांविषयीं आम्हीं लिहिलें : कामांत चोख, जबाबदारी घेण्यास तयार, कनिष्ठांकडून काम करून घेतो. बाईंविषयीं लिहिलें : टापटीप, हंसतमुख, सर्वांशीं मिळूनमिसळून वागतात. सही केली. आपण दोघांचीहि सारखीच वाखाणणी केली अशी आमची खात्री होती. त्या बाईंनीं भविष्यनिर्वाह निधीच्या चार वर्षांच्या तुंबलेल्या फायली एकटीनें निकालांत काढल्या होत्या. कित्येक निवृत्त शिपायांस त्यामुळें आपले पैसे मिळाले. तें आम्हांस ठाऊक होतें. लिहितांना आठवलें नाहीं. त्यांचा विचार मनांत येतांच डोळ्यांपुढें जें आलें तें आम्हीं लिहिलें, आणि डोळ्यांपुढें आली ती इस्त्रीची साडी व हंसरा चेहरा. जागा गृहस्थांस मिळाली. बाई आमच्या टेबलापाशीं आल्या, "साहेब, त्यांचें चांगलें झालें," म्हणाल्या, आणि आपल्या जागीं जाऊन बसल्या. त्या त्याच हुद्यावरून निवृत्त झाल्या. दरमहाच्या पेन्शनींत तो फरक त्यांस आजतागायत पडतो. अहवाल गोपनीय, तेव्हां कां पडतो तें त्यांस माहीत नाहीं.

आम्हांसहि माहीत नव्हतें. निवृत्तीनंतर कांहीं वर्षांनीं आमची मुलगी कंपनींतून आली, वार्षिक मूल्यमापनाचा कागद तिनें जेवणाच्या टेबलावर टाकला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही इतकीं वर्षें असे कागद लिहीत होतां. याचा अर्थ सांगा बघूं." कागदावर होतें, 'प्रेझेंटेबल, वागणूक गोड'. वर्षभर तिनें काय केलें याबद्दल एक ओळ नव्हती. तें अक्षर आमचें नव्हतें. परंतु वाक्य आम्हीं ओळखलें. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं. मुलीस खरें काय तें सांगण्यास आणखी दोन दिवस लागले. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्या बाईंना सांगितलंत?" सांगितलें नव्हतें. पुढें पत्ता शोधून गेलों. त्यांनीं चहा दिला, शांतपणें ऐकलें, आणि काय म्हणाल्या तें येथें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. त्यांनीं आम्हांस हलकें केलें नाहीं, एवढें सांगतों. तो अधिकारहि त्यांचाच होता.

पुरुषांस हें भोगावें लागत नाहीं असें नव्हे. ठेंगू, काळा, टकल्या असें म्हणून गरीब मुलांस शाळेंत रडविलेलें आम्हीं पाहिलें आहे व तेंहि वाईट. परंतु टक्कल पडलें म्हणून कोणा पुरुषाची बढती हुकल्याचें आमच्या इतक्या वर्षांच्या नोकरींत आमच्या पाहण्यांत नाहीं. आमचें स्वतःचें डोकें आपणांसमोर आहे. साहेब होण्यास त्याची अडचण झाली नाहीं.

आतां वेळ संपत आली. आजच्या कार्यक्रमांत यानंतर आपल्या धर्मग्रामांतील एका परिचारिकाताईंचा सत्कार आहे. मानपत्राचा मसुदा शुद्धलेखन तपासण्यासाठीं आमच्याकडे आला होता. त्यांत 'सदैव प्रसन्न वदन', 'साधी राहणी' व 'सोज्ज्वळ व्यक्तिमत्त्व' हे शब्द होते. सन २०२० च्या साथींत ताई कोविडच्या कक्षांत रात्रपाळ्या करीत होत्या, घरच्यांस संसर्ग नको म्हणून कित्येक आठवडे घरीं आल्या नाहींत, आणि आपल्या वाडीतल्या ज्या आजारी माणसांस खाट मिळेना त्यांच्यासाठीं त्यांनीं फोनवर फोन केले, यांतलें कांहीं नव्हतें. पुढें बसलेल्यांपैकीं निदान तिघे आज त्या खाटेमुळें बसले आहेत. ते आपले आपण ओळखतील. आम्हीं मसुदा दुरुस्त करून पाठविला. चिटणीसांनीं मोठ्या मनानें नवा मजकूर सर्वच्या सर्व घेतला. 'प्रसन्न वदन' मात्र काढावयास ते तयार नव्हते. छापखान्यांत काय झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. मानपत्र आतां तेच वाचतील, तेव्हां सर्वांस एकदमच कळेल. आम्ही खालीं बसतों.